घेतलं म्हना

“घेतलं म्हना.”

हातात काहीही द्यायचं असो, चहाची बशी, कंदील, नाहीतर सरकीचं पोतं, आमचे जहाजमामा ते दोन्ही हातांनी पुढे करायचे आणि समोरचा ‘घेतलं’ म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. बशी समोरच्याने धरली आहे, मामांनीही धरली आहे, दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघताहेत आणि चहा निवतो आहे, असा देखावा आमच्या फाटकावर दिवसातून दोन-चारदा तरी दिसायचा. नवख्या माणसाला वाटायचं, मामांच्या मनात द्यायचं नसावं. मग रंगनाथ हमाल लांबूनच ओरडायचा, “ओ पाव्हणं, घेतलं म्हना, न्हाईतर सांजपतूर असंच उभं राहावं लागंल!”

हिंगोलीला आमची कापसाची जिन होती. सरकी काढायची, रुई दाबून गाठी बांधायच्या, असा कारखाना. मी तिथे काट्यावर कारकून होतो. आसपासच्या गोरेगाव, पुसेगावकडून कापसाच्या गाड्या यायच्या, मी कापूस तोलून चिठ्ठ्या लिहायचो आणि मधल्या वेळात विड्या ओढायचो. कापसाच्या ढिगाशेजारी विडी ओढू नये हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नियम हे दुसऱ्यांसाठी असतात आणि आपण आपलं सांभाळून ओढतो, असं प्रत्येक विडीबाज माणसाला वाटतं. तुमच्यापैकी कुणी असेल तर त्याला विचारा.

दुसरी मोठी लढाई संपून वर्षभराने, कापसाच्या हंगामाच्या तोंडाशी मामा आमच्याकडे फाटकावर राखणीला लागले. वय असेल पंचेचाळीस, दिसायचे साठीचे. अंगाने सडसडीत, पायांत कॅनव्हासचे बूट, सोबत पत्र्याची एक पेटी. मूळचे गोरेगावकडचे. फार वर्षांपूर्वी पोटासाठी मुंबईला गेले, गोदीत हमाली केली आणि लढाई सुरू झाल्यावर एका जहाजावर चढले. ते जहाज लढाऊ नव्हतं. लढणाऱ्या जहाजांना भर समुद्रात दारूगोळा पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. म्हणजे तोफा दुसऱ्यांच्या आणि दारूचं कोठार यांच्या बुडाखाली. ज्या गावांत कयाधू नदीपेक्षा मोठं पाणी कुणी बघितलं नव्हतं, तिथला माणूस समुद्रावर सहा वर्षं राहून आला, तेव्हा त्याचं नाव जहाजमामा पडलं यात नवल नाही.

पहिल्याच दिवशी मामांनी मला फाटकात अडवलं.

“मुन्शीजी, काडीपेटी.”

“कसली काडीपेटी?”

“टोपीतली.”

मी स्वतःला हुशार समजत आलो आहे. टोपीच्या घडीतली काडीपेटी आजवर माझ्या बायकोलाही सापडली नव्हती. मामांनी हात पुढे केला तो मागे घेईचनात. शेवटी मी पेटी दिली. त्यांनी ती भिंतीवरच्या फळीत ठेवली आणि पत्र्याचा एक बिल्ला दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. त्यावर खिळ्याने नंबर ठोकलेला होता.

“घेतलं म्हना.”

“दिसतंय ना घेतलंय ते!”

“दिसून उपेग न्हाई. म्हना.”

मी म्हटलं, आणि मनातल्या मनात आणखीही पुष्कळ म्हटलं.

ही त्यांच्या जहाजाची रीत होती. जहाजावर चढायच्या शिडीशी एक फळी असायची, तिला नंबर घातलेले खण. काडीपेटी, चकमक, तंबाखूची चंची, खिळ्यांचे जोडे, सगळं तिथे ठेवायचं आणि पितळी बिल्ला गळ्यात घालायचा. उतरताना बिल्ला दाखवला की वस्तू परत. मामांनी सुताराकडून तशीच फळी करून घेतली, घासलेटच्या डब्यांचे बिल्ले कापले आणि मालकांपासून हमालांपर्यंत सगळ्यांच्या काड्या काढून घेतल्या. मालक आधी हसले, मग त्यांनीही चंची दिली. हमालांचे खिळ्यांचे जोडे फाटकाबाहेर गेले. बैलांचे नाल मात्र काढता येईनात. त्याचं मामांना फार वाईट वाटायचं. गाडी आत येण्याआधी ते फाटकातल्या दगडावर तांब्याभर पाणी शिंपडायचे. रंगनाथ म्हणायचा, “मामा, बैलाच्या गळ्यात बी येक बिल्ला घाला.” मामा गंभीरपणे म्हणायचे, “बैल इडी वढत न्हाई. मानसापरीस बरा.”

रंगनाथ मामांची नक्कल फार झकास करायचा. दोन्ही हात पुढे, मान किंचित कलती, डोळे समोरच्याच्या डोळ्यांत आणि तो ओढलेला आवाज, “घेतलं म्हनाऽ.” जेवणाच्या सुट्टीत भाकरी देतानाही तो तेच करायचा आणि हमाल हसून हसून लोळायचे. मामा बघायचे, पण रागवायचे नाहीत. एकदा फक्त म्हणाले, “चेष्टेनं का व्हईना, म्हनू तर राहिला.”

दुपारी गाड्या कमी झाल्या की आम्ही त्यांना समुद्राचं विचारायचो. समुद्र केवढा असतो? मामा म्हणायचे, “कयाधूला पूर आलाय आन् पल्याडचा काठ कुनी चोरून नेलाय, येवढा.” बंदरात गेल्यावर मजा येत असेल? “कसली मजा! जहाजावर दारू हाय म्हून लाल निशान लावायचं आन् आमाला सगळ्या जहाजांपासून लांब, येशीबाहेर उभं करायचं. माझा जोडीदार सोमला लमाण तांड्यावरचा. तो म्हनायचा, मला काय याचं, तांडा बी गावाबाहेरच असतोय.” मग कुणीतरी हटकून विचारायचं, मामा, पोहायला येतं का?

“न्हाई.”

“सहा वर्सं जहाजावर राहून?”

“दारूचं जहाज ते. वाचलो तर वाचलो, न्हाईतर सगळेच आभाळात. आभाळात पवून कुठं जानार?”

आम्ही पोट धरून हसायचो. मामा हसायचे नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्यांच्या फळीतला सात नंबरचा खण कुणालाच मिळत नसे. एकदा ऐन हंगामात गर्दी झाली, सगळे खण भरले. मी म्हटलं, माझी पेटी सातमध्ये टाका.

“तो भरल्याला हाय.”

“कुणाचं सामान आहे?”

“हाय येकाचं. मालक यायचाय.”

ते पाणी शिंपडायला गेले तेव्हा मी डोकावलो. (डोकावू नये हे मला ठाऊक होतं. पण नियमांविषयीचं माझं मत वर आलंच आहे.) आत कातडी पिशवी होती. तिच्यात एक गारगोटी, पोलादाचा वाकवलेला तुकडा आणि काळा पडलेला कापूस. आपल्याकडे शेतकऱ्याच्या कमरेला असायची तशी साधी चकमक.

आणि दर बाजाराच्या दिवशी एक म्हातारी यायची. तांड्यावरची, पुसेगावच्या अंगाला तिचा तांडा होता. हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, ओढणीला जागोजाग आरसे, त्यांतले निम्मे फुटलेले. ती फाटकाच्या बाहेरच उभी राहायची. मामा लगबगीने उठायचे.

“आला का?” ती विचारायची.

“न्हाई याडी,” मामा म्हणायचे. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

ती मान वाकडी करून सात नंबरच्या खणाकडे बघायची. पिशवी दिसली की मान हलवून चालायला लागायची. मामा तिच्या पाठीकडे बघत उभे राहायचे, आणि त्या दिवशी ते दुपारची भाकरी सोडतच नसत.

दोन-तीन महिने मी हे बघितलं. माझ्यासारख्या माणसाला तेवढं गप्प राहणं म्हणजे तपश्चर्याच. शेवटी एका दुपारी विचारलं, आणि मामांनी सांगितलं. त्यांना बहुधा कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

ती सोमलाची आई. सोमला आणि मामा मुंबईच्या गोदीत भेटले. “त्या गर्दीत कुनीतरी ‘काहून’ म्हनलं. म्या वळून पाह्यलं. आपल्याकडचा मानूस!” तेव्हापासून दोघांनी एका ताटात खाल्लं. जहाजावर चढले तेही बरोबरच. तळघरातून दारूगोळ्याच्या पेट्या वर काढायच्या, हातोहात पुढे द्यायच्या, असं काम. पेटी आपटली तर काय होईल हे कुणी बोलून दाखवत नसे. म्हणून रीत अशी की घेणारा ‘घेतलं’ म्हणत नाही तोवर देणाऱ्याने सोडायचं नाही. मद्रासी असो, कोकणी असो, ज्याने त्याने आपल्या भाषेत म्हणायचं, पण म्हणायचं.

“येके दिवशी सकाळच्या पारी पेट्या खाली पडावात, मंजी मालाच्या होडीत, उतरवून राहिलो होतो. म्या वर, सोमला पडावाच्या कडंला. लई पेट्या झाल्या होत्या. म्या पेटी दिली आन् तेवढ्यात भोंगा वाजला. म्या वर पाह्यलं. मुन्शीजी, तो ‘घेतलं’ म्हनला नव्हता. माझा हात सुटला.”

पेटी सोमलाच्या छातीवर बसली. तो मागे गेला, जहाज आणि पडाव यांच्या मधल्या फटीत. पेटी पडावातच पडली. तिला काहीही झालं नाही.

“पेटी फुटली न्हाई बघा,” मामा म्हणाले. “येवढी पेटी, पन फुटली न्हाई.”

सोमलाचा बिल्ला त्याच्या गळ्यात होता, तो त्याच्याबरोबर गेला. शिडीवरच्या साहेबाने बिल्ल्यावाचूनच सोमलाची चकमक मामांच्या हातात दिली. लढाई संपल्यावर मामा ती घेऊन आधी तांड्यावर गेले, आपल्या घरी मागाहून. याडीला सांगितलं की सोमला समुद्रात गेला. एवढंच सांगितलं. चकमक तुझ्यापाशी कशी, असं तिने विचारलं, तेव्हा मामांनी भाबडेपणाने जहाजाची सगळी रीत समजावून दिली. खण कसे, बिल्ले कसे, ज्याचा बिल्ला त्यालाच वस्तू.

याडीने विचारलं, “मंग बिल्ला कुठाय?”

“त्याच्या गळ्यात.”

“तर मंग मला काहून देतो? ज्याच्या गळ्यात बिल्ला, त्याला दे. तवर तुज्यापाशी ठिव.”

आणि ती आत निघून गेली. घेतलं तर पोरगा गेला असं होतं, आणि ते तिला मंजूर नव्हतं. मामांचीच रीत मामांच्या गळ्यात पडली. जिनात लागल्यावर त्यांनी फळी केली, त्यात सोमलाचा जहाजावरचा नंबर सात होता म्हणून तो खण राखला आणि तिला तसं कळवलं. ती बघायला यायला लागली.

“म्या तिला हाताचं सांगितलं न्हाई,” मामा म्हणाले. “त्याच्यामुळं ती घेत न्हाई.”

मी शहाणपणा शिकवायला कधी मागे राहिलेलो नाही. मी म्हटलं, “मामा, सांगू नका. म्हातारी आशेवर जगते आहे, जगू द्या. सांगून काय मिळणार? उलट तुमचं तोंडसुद्धा बघणार नाही ती.”

 मामा म्हणाले, “अर्धीच वस्तू पुढं केली तर समोरचा घेतलं म्हनंल कसं?”

पण सांगायचा धीर त्यांना होईना. हंगाम संपला, दुसरा आला. म्हातारी येत राहिली, ‘आला का’, ‘न्हाई याडी’ चालू राहिलं. दारूगोळ्यावर सहा वर्षं झोपलेला माणूस एका बाईसमोर जीभ उचलू शकत नव्हता. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची. मी दिलेल्या सल्ल्याची मात्र लाज वाटायला लागली होती.

पुढे अठ्ठेचाळीस साल आलं. निजामी राजवटीचे ते शेवटचे महिने, आणि ते कसे होते हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. गावंच्या गावं जाळपोळीच्या धाकाने पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात चालली होती. बाजार भरेनासा झाला. मालकांनी जिन बंद केली. मामा तरीही फाटकाशी बसायचे. मी त्यांना म्हटलं, आता काड्या कुणाच्या काढून घेणार? ते म्हणाले, “कापूस तर हाय ना आत.”

मी काटा आवरून ठेवायला गेलो होतो, त्या सकाळी म्हातारी आली. बाजाराचा दिवस नव्हता. डोक्यावर गाठोडं होतं.

“आमचा तांडा निघाला,” ती म्हणाली. “पैनगंगेपल्याड. ते नीट ठिव. तो आला तर तिकडं धाड त्याला.”

मामा उठून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी या खेपेला काही बोललो नाही, एवढी एक गोष्ट मी आयुष्यात बरी केली.

“याडी, बस जरा,” ते म्हणाले.

ती बसली नाही. मामांनी उभ्याउभ्याच सांगितलं. पेटी, भोंगा, वर बघणं, सगळं. आवाज चढवला नाही, रडले नाहीत. हिशोबाने सावकाश सांगत गेले आणि शेवटी म्हणाले, “हात माझा सुटला, याडी. समुद्रानं न्हाई नेला त्याला.”

म्हातारीने गाठोडं खाली ठेवलं.

“तू सोडलं?”

“व्हय.”

“तो काई बोलला?”

“न्हाई. घेतलं म्हनायचं राहिलं त्याचं.”

ती फाटकाच्या दगडावर टेकली. ज्यावर मामा पाणी शिंपडायचे, त्याच दगडावर.  एकदा तिने ओढणीने तोंड झाकलं. मामा तिच्यासमोर उभेच होते, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसे. मला वाटत होतं, आता ही यांना शिव्याशाप देणार. दिले असते तर मला ते रास्तच वाटलं असतं.

तिने तोंडावरून ओढणी काढली आणि दोन्ही तळवे पुढे केले.

“आन.”

मामांनी सात नंबरच्या खणातून पिशवी काढली. ती तिच्या तळव्यांवर ठेवली, आणि सवयीने धरूनच राहिले.

“घेतलं,” म्हातारी म्हणाली.

मामांची बोटं सुटेनात. ते पिशवीकडे बघत होते. 

“घेतलं म्हनलं ना रं,” ती म्हणाली. “सोड आता, लेका.”

मग त्यांनी सोडलं. म्हातारीने पिशवी चोळीत खोचली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ती निघाली. चार पावलं जाऊन वळली आणि म्हणाली, “तू बी निघ हितून. जिवाला जप.” मामा तेव्हा रडले. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मामा कुठे गेले नाहीत. सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली, निजामी संपली, गेलेली माणसं हळूहळू परतली. दिवाळीनंतर जिन सुरू झाली. पावसाळ्यापासून मामांना खोकला धरला होता, तरी पहिल्या दिवशी ते कॅनव्हासचे बूट घालून फाटकावर हजर होते. मी न सांगता टोपीतली काडीपेटी काढून दिली. त्यांनी ती सात नंबरच्या खणात ठेवली आणि बिल्ला पुढे केला.

“मोकळा झालाय,” ते म्हणाले. “घेतलं म्हना.”

“घेतलं, मामा.”

त्याच महिन्यात ते गेले. खोकला छातीत उतरला आणि चार दिवसांत आटोपलं. गावाकडून त्यांचे दोन पुतणे आले. तांड्यावरून म्हातारी आली. घरातून न्यायचा विस्तव तिने पेटवून दिला, कशाने पेटवला ते सांगायला नको. जिनातले सगळे हमाल आले. हंगामात कधी बंद न राहणारी जिन मालकांनी त्या दिवशी बंद ठेवली.

जिनापासून कयाधूचा काठ बराच लांब आहे. वाटेत खांदे बदलायला लागतात. पहिल्यांदा थांबायची वेळ आली तेव्हा रंगनाथ पुढे झाला, पुतण्याच्या जागी त्याने बांबूखाली खांदा दिला आणि म्हणाला, “घेतलं.”

मी दचकून त्याच्याकडे बघितलं. तो नक्कल करत नव्हता. पुतण्या बाजूला झाला. दुसऱ्या बांबूखाली दुसरा हमाल गेला, तोही म्हणाला, “घेतलं.” कुणी ठरवलेलं नव्हतं. पुढे प्रत्येक थांब्याला चारी बाजूंनी तो एकेक शब्द येत गेला, आणि शब्द आल्याशिवाय कुणी खांदा काढला नाही. ज्यांना ठाऊक नव्हतं ते रस्त्यावरचे लोक आमच्याकडे बघत होते.

नदी दिसायला लागली तेव्हा माझी पाळी होती. मामा हलके होते, तरी माझा कारकुनी खांदा भरून आला होता. मागून कुणीतरी येऊन बांबूखाली खांदा लावला. ओझं उतरलेलं मला कळत होतं, पण मी दोन्ही हातांनी बांबू धरून तसाच चालत राहिलो.

“घेतलं, मुन्शीजी,” तो म्हणाला.

मग मी सोडलं.